हसण्याच्या जागा

॥ श्री ॥
१२ जून

प्रिय भोंगा,

पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. देवदयेने इकडे सगळं ठीक. तू होतीस त्या आठवड्यात दूध जास्त लागलं, ते मी ‘पाहुणे’ या सदरात लिहिलं. एका बाकावर बसलेल्या मैत्रिणीला पाहुणी म्हणताना मलाच जड गेलं, पण माझ्या जमाखर्चात ‘भोंगा’ नावाचं सदर नाही, त्याला मी काय करू?

साबणाच्या कारखान्याच्या टेपा उतरवून झाल्या, सोबत कागद पाठवते आहे. तू सांगितलंस तसंच केलं. माणूस बोलता बोलता थांबला की कंसात टिंबं, एकाने दुसऱ्याचं बोलणं तोडलं की तिरकी रेघ, हसला की कंसात ‘हसणं’. तो साबणवाला फोरमन दर वाक्याला खोकतो. खोकल्याची खूण तू दिली नव्हतीस, म्हणून सगळीकडे ‘खोकला’ असं अक्षरी लिहिलं. मॅट्रिकला मराठीत मला तुझ्याहून जास्त गुण होते, ते आता कामी आले. तू व्यवस्थापन शिकवणारी प्राध्यापक झालीस आणि मी तुझ्या फोरमनचे खोकले जमा करते आहे.

खरं सांगू? हे तुझं संशोधन अजून माझ्या गळी उतरलेलं नाही. माणसं कामावर काय बोलतात ते टेप करायचं, कागदावर उतरवायचं, मग त्यात ‘मी’ किती, ‘आपण’ किती, हुकूम किती, प्रश्न किती, हे काढत बसायचं. आपल्या शाळेत याला दुसऱ्याच्या गप्पांना कान लावणं म्हणत, आणि त्याबद्दल बाई बाहेर उभं करत.

आता मुख्य गोष्ट. तू आठवडाभर यांच्या पंपांच्या कारखान्यात, यांच्याच जुळणी विभागात टेपरेकॉर्डर मांडून बसलीस. मीच यांच्या मागे लागून तुला आत घ्यायला लावलं, तेव्हा तक्रारीला मला तोंड नाही. तक्रार नाहीच. नुसतं विचारते.

तुला माहीत आहे, हे कायमचे दुसऱ्या पाळीला. दुपारी जातात, रात्री येतात, तेव्हा मी अर्धी झोपेत. आमच्या घरात यांचे शब्द तीन: ‘आलो’, ‘वाढ’ आणि ‘पंखा’. तीन शब्दांत मी वीस वर्षं संसार केला, आणि काटकसरीची सवय असल्यामुळे पुरले म्हणायचे. मला काही बोलायचं असलं की मी सकाळी देवापुढे बसून देवालाच सांगते, जरा मोठ्याने. ‘देवा, ओला टॉवेल गादीवर कोण टाकतं रे?’ हे बाजूच्या खोलीत चहा पीत असतात. ऐकतात की नाही ते देवाला ठाऊक. दुसऱ्या दिवशी टॉवेल दोरीवर असतो खरा.

तर परवा हात धुता धुता हे एकटेच हसले. नळ सुरू, हातावर साबण, आणि आपले हसताहेत. मी म्हटलं, “काय झालं?” म्हणाले, “काही नाही. तुझी मैत्रीण हुशार आहे हं. ऐकून घेते.”

ऐकून घेते! मी काय कानात बोळे घालून बसले होते इतकी वर्षं?

तुम्ही दोघं एवढं बोलता तरी काय, कळव.

तुझी
आजीबाई


२० जून

प्रिय आजीबाई,

कागद मिळाले. तुझ्यासारखं अक्षर आणि तुझ्यासारखी नेकी माझ्या एकाही विद्यार्थ्यात नाही. ‘खोकला’ वाचून माझे मार्गदर्शक सर खुर्चीतून पडायचे राहिले. ते म्हणाले, राहू द्या, कधी कधी खोकल्यातही अर्थ असतो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. फोरमन टेपसमोर जे बोलले ते दुसऱ्या कोणाला सांगणार नाही, असं मी त्यांना लिहून दिलंय. तुझा नवरा असला तरी तिथे तो ‘व्यक्ती क’ आहे. त्याच कारखान्यातले बाकी चौघं, ज्यांच्या टेपा माझे विद्यार्थी घेताहेत, तसाच हा पाचवा. तू उगाच कपाळाला आठ्या घालू नकोस.

संशोधन मात्र समजावते. एकाच कारखान्यात एका फोरमनच्या हाताखालची माणसं टिकतात आणि दुसऱ्याच्या हाताखालची पळून जातात. पगार तोच, छप्पर तेच. मग फरक कुठला? माझं म्हणणं, बोलण्याचा. चूक झाली तर तो कशी सांगतो, विचारतो की फर्मावतो, माणसं त्याच्याबरोबर हसतात की त्याला हसतात. हे ‘मला वाटतं’ म्हणून चालत नाही. कागदावर बोलणं हवं, शब्द न् शब्द, तेव्हा कुठे विद्वान लोक मान हलवतात.

आणि एक गोष्ट तुला सांगायला हरकत नाही, कारण पाचही जणांना ती माहीत आहे आणि त्यांनी सही करून होकार दिलाय. पंपांची नवी शेड उघडते आहे. तिथे सगळे नवशिके कामगार. मालकांनी मला आत घेताना अट घातली, की नवशिक्यांना सांभाळून घेणारं बोलणं पाचांपैकी कोणाचं, तेवढं अहवालात सांगायचं. भावजी आणि लेथवाला, म्हणजे कातकाम विभागाचा फोरमन, असे दोघंच मालकांच्या मनात आहेत.

तुझे कान पिकले असतील, पण भावजी फारच बोलके आहेत ग. मला वाटलं होतं, मूग गिळून बसतील. आठवड्यात माझ्या टेपा संपल्या!

तुझी
भोंगा


॥ श्री ॥
२७ जून

प्रिय भोंगा,

बोलके?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, दुसऱ्या कोणाचा नवरा तर नव्हे म्हणून. घरात मौनीबाबा आणि कारखान्यात यांना वाचा फुटते, तीही तुझ्यापुढे. तुझ्या टेपा संपतात, आणि इकडे माझ्या वाट्याला ‘पंखा’.

शेडचं हे मला बोलले नव्हते. तुझ्या पत्रातून कळलं, हे आणखी एक. विचारलं तर म्हणाले, “अजून नक्की नाही, कशाला सांगायचं.” मग मीच शेजारणीकडून काढून घेतलं. शेडच्या प्रमुखाला फक्त दिवसपाळी असते. म्हणजे हे संध्याकाळी घरी. भोंगा, लग्न झाल्यापासून संध्याकाळचा दिवा मी एकटीने लावते आहे. दिवा लावला की वाटतं, मागे कोणीतरी उभं असावं. हात जोडले नाहीत तरी चालेल, नुसतं उभं राहावं. देवाकडे मी आजवर काही मागितलेलं नाही, त्यालाही खर्च नको. पण या वेळी मागितलं. एक संध्याकाळ रोजची.

तुझ्या अहवालावर ते आहे म्हणतेस. बरं.

आणखी एक. यांच्या खिशाला निळं पेन असतं हल्ली. विचारलं तर, “बाईंनी दिलं.” पाचही फोरमनना दिलंस की एकट्या व्यक्ती ‘क’ला? हे पेन रोज रात्री खिशातून काढून घड्याळाशेजारी ठेवतात. मी वाढदिवसाला घेतलेला रुमाल मात्र अजून घडीतच आहे. ‘ठेवणीतला आहे’ म्हणतात. ठेवणीतलं म्हणजे न वापरायचं, हा अर्थ मीच त्यांना शिकवला असणार.

तर माझं म्हणणं असं. यांच्या टेपा उतरवायला दुसऱ्या कोणाला देण्यापेक्षा मला दे. यांचे उच्चार मला कळतात, लिहिणाऱ्याची चूक व्हायची नाही.

तुझी
आजीबाई

ता. क. शाळेत तू माझ्या डब्यातला शेवटचा घास न विचारता उचलायचीस. सहज आठवलं म्हणून लिहिलं.


९ जुलै

प्रिय आजीबाई,

नाही म्हणणार होते. नवऱ्याचं बोलणं बायकोने उतरवायचं नाही, हा साधा नियम आहे. तुझं पत्र वाचून तर ‘नाहीच’ असं ठळक लिहिणार होते.

पण त्या टेपा जो मुलगा उतरवणार होता तो सायकलवरून पडला. मनगट प्लास्टरमध्ये. सर म्हणतात महिनाअखेर कागद हवेत. दुसऱ्या कोणाला त्या यंत्रांच्या घरघरीतून शब्द वेचता यायचे नाहीत. तेव्हा पाठवते आहे. ही माझी चूक आहे आणि मी ती डोळे उघडे ठेवून करते आहे. भावजींना मात्र सांगू नकोस, त्यांना मी शब्द दिलाय.

एवढी जोखीम दुसऱ्या कोणासाठी घेतली नसती. शाळेत दुकानदाराने सुटे जास्त दिले तर भर उन्हात परत जाऊन देणारी तू. तुझ्या हातून काना-मात्रासुद्धा इकडची तिकडे व्हायची नाही.

आणि पेनं मी पाचही जणांना दिली, बाई. डझनाने घेतली होती. तुझ्या डब्यातला शेवटचा घास मी उचलायची, कारण तू तो मुद्दाम माझ्यासाठी मागे ठेवायचीस. तेव्हा मला असंच वाटायचं.

तुझी
भोंगा


॥ श्री ॥
३० जुलै

माननीय प्राध्यापकबाईंस,

टेपा व उतरवलेले कागद सोबत. मशीनचा आवाज फार आहे, काही राहिलं असल्यास इलाज नाही. खुणा नेमाने केल्या आहेत. पोच द्यावी. मजुरी पाठवू नये.

कळावे.


२५ ऑगस्ट

प्रिय आजीबाई,

माननीय काय, कळावे काय! कोणत्या चुलीवर तापली होतीस? मी वाट पाहिली की दुसरं पत्र येईल, ते आलं नाही. मग कामात बुडाले. आता जे लिहायचंय ते कसं लिहावं कळत नाही, म्हणून सरळ लिहिते.

पाचही फोरमनचं बोलणं मोजून झालं. शब्दांचं काम कॉलेजच्या संगणकाने केलं, खुणांचं मी. लेथवाल्याकडे प्रश्न भरपूर, हसणं भरपूर, माणसं त्याच्याशी उलट बोलतात आणि तो बोलू देतो. व्यक्ती ‘क’कडे हुकूम आणि नियम. नट आवळा, टोपी घाला, वेळेवर या. हसणं जवळजवळ नाही. बाकी चौघांच्या कागदांपुढे हे कागद म्हणजे भिंतीवर लावलेली पाटी.

मला आश्चर्य वाटलं. माझ्या आठवणीतला माणूस असा नव्हता. हे मी सरांना म्हटलंही. ते म्हणाले, “संशोधकाची आठवण म्हणजे पुरावा नव्हे. चांगल्या माणसाशी गप्पा झाल्या की तो आपल्याला चांगला फोरमनही वाटतो. म्हणून तर आपण कागदावर उतरवतो.” आणि हेच मी वर्गात पोरांना शिकवते, तेव्हा गप्प बसले. टेपा पुन्हा ऐकायला हव्या होत्या. पण उतरवणारी तू होतीस, मला गरज वाटली नाही.

अहवाल मागच्या आठवड्यात मालकांना गेला. त्यात लेथवाल्याकडे कल आहे.

तुझ्या संध्याकाळबद्दल तू लिहिलं होतंस ते मी विसरलेले नाही. म्हणूनच मैत्रीला बाजूला ठेवून जे कागदावर दिसलं तेच लिहिलं. मला माफ कर, किंवा नको करू. पण उत्तर पाठव.

तुझी
भोंगा


॥ श्री ॥
२९ ऑगस्ट

भोंगा,

अहवाल परत घे. पत्र मिळताक्षणी मालकांकडे जा.

तू लिहिलंस ते खोटं आहे आणि ते खोटं माझ्या हातचं आहे.

हे दुपारी गेले की मी दार लावून, खिडकीसुद्धा लावून, ते यंत्र कानाला धरून बसायची. पहिल्या टेपेत आधी नुसती घरघर. मग एक माणूस बोलायला लागला. छान, मोकळा आवाज, लांबलचक वाक्यं. मला वाटलं, हा कोण? आणि मग उमगलं, हे! वीस वर्षं ज्याच्या घरात राहते त्याचा आवाज मला ओळखू आला नाही! तेवढ्यात तू काहीतरी विचारलंस, आणि हे म्हणाले, “आता ऐका बाई, एक गंमत सांगतो.” पाठोपाठ तुझं हसणं. तेच शाळेतलं, सुट्टी झाल्यासारखं. आणि त्या हसण्यात यांचं हसणं मिसळलं.

‘ऐक, गंमत सांगतो’ असं यांनी मला एकदाही म्हटलेलं नाही. एकदाही.

माझा हात कळीवर गेला. टेप पुढे पळाली. सोडली तेव्हा कामाचं बोलणं चालू होतं, नट, टोपी, वेळ. ते मी काना-मात्रा न चुकता उतरवलं. पुन्हा यांच्या आवाजात हसू आलं की पुन्हा कळ. सगळ्या टेपांना मी हेच केलं. तिथे काय बोलणं झालं, मला माहीत नाही. ऐकवत नव्हतं. तुम्ही दोघं माझ्याच कानात बसून हसत होता आणि मी तुमच्यासाठी कंसात ‘हसणं’ लिहायचं? हात धजेना.

खोटं अक्षर एक लिहिलेलं नाही. फक्त जागा सोडल्या आणि दोन्ही बाजू अशा जुळवल्या की सांधा दिसू नये. मनाला म्हटलं, कामाचं तेवढं लिहिलं, चहाटळपणा गाळला, संशोधनाला हसण्याशी काय करायचंय? तू खुणांच्या यादीत हसणं मुद्दाम सांगितलं होतंस हे माहीत असून म्हटलं.

भाजीवाल्याकडे एक नाणं जास्त आलं तर परत देते मी. आणि नवऱ्याचं हसणं मात्र गिळून बसले. तुझ्या वाट्याचं हसणं कापायला निघाले आणि माझी संध्याकाळ कापली. कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय.

तुझा राग आला होता. अजून येतो. ते खोटं सांगत नाही. पण जा मालकांकडे. माझं नाव सांग.

आजीबाई


१२ सप्टेंबर

आजीबाई,

तुला दोन थोबाडीत माराव्यात असं वाटलं, आणि मग मलाच चार.

मी पत्र हातात धरून तशीच टेपा ऐकायला बसले. सगळ्या ऐकल्या. तू गाळलेल्या जागा उतरवून काढल्या. आता व्यक्ती ‘क’चे कागद पाचांमध्ये सगळ्यात जाड आहेत. जाड म्हणजे नुसते जाड नव्हेत. माझ्या अख्ख्या प्रबंधात सापडलं नाही ते त्या जागांमध्ये सापडलं. सर स्वतः येऊन ऐकून गेले. ते टेपरेकॉर्डरपुढे बसून हसले, आणि ते इतके मोकळे हसलेले मी आजवर पाहिले नव्हते.

मालकांकडे गेले. तुझं नाव घेतलं नाही. म्हटलं, कागद उतरवण्यात चूक झाली, चूक माझी, नियम मोडून टेपा जिथे द्यायच्या नाहीत तिथे दिल्या. नवा अहवाल ठेवला. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “बाई, लेथवाल्याला परवाच पत्र दिलं. दिलेली जागा काढून कशी घेऊ?” मी भांडले, अगदी भोंग्यासारखी. शेवटी एवढंच म्हणाले, पुढे दुसरी शेड निघाली तर बघू. म्हणजे गेलं ते गेलं. तुझी संध्याकाळ मला परत आणता आली नाही.

त्या जागांमध्ये काय आहे हे तू विचारणार. आणि मी सांगणार नाही. एकदा शब्द मोडून पाहिला, पुरे झालं. ते बोलणं भावजींचं आहे. द्यायचं की नाही हे तेच ठरवतील. त्यांनी लेखी होकार दिला तर टेपांच्या नकला त्यांच्या नावाने पाठवीन. पण त्यासाठी त्यांना कळायला हवं की तू ऐकायला बसली होतीस, आणि का थांबलीस. मी त्यांना लिहून माफी मागणारच आहे. ते पत्र जायच्या आधी तू सांग.

आता माझंही ऐक. तुला वाटलं, मी तुझं काहीतरी घेत होते. त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी तुझ्या घरी परत येऊन जेवायची. ओट्यावर दोन ताटं एकावर एक पालथी असायची, तू वरचं मला वाढायचीस आणि खालच्याला झाकण घालून म्हणायचीस, “हे त्यांचं.” माझ्या घरी ताट एकच आहे. ते पालथं घालायचं की उताणं, कोणी विचारत नाही. टेपेवर मी हसते आहे ते तू ऐकलंस. हसून झाल्यावर मी काहीच बोलत नाही, बराच वेळ टिंबं टिंबं आहेत. ती तू गाळलीस. ती हेव्याची होती. मला वाटलेल्या तुझ्या हेव्याची.

भोंगा


॥ श्री ॥
२ ऑक्टोबर

प्रिय भोंगा,

सांगितलं. पण यांच्या तोंडावर सांगायला जीभ उचलेना, म्हणून माझ्या नेहमीच्या रस्त्याने गेले.

हे दुपारी निघण्याआधी बाहेरच्या खोलीत बूट घालत होते. मी देवापुढे बसले आणि मोठ्याने म्हटलं, “देवा, शेडची जागा यांना मिळायची होती. यांच्या टेपा एका बाईने उतरवल्या. यांचं हसणं तिच्या कानाला सहन झालं नाही, म्हणून तिने कळ दाबली. हसणं गाळलं, आणि जागा गेली. ती बाई चोर नाही रे देवा. जळकी आहे.”

बाहेर बुटाच्या नाडीचा आवाज थांबला. मी मागे पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने दार वाजलं. हे गेले होते.

त्या रात्री आल्यावर ‘आलो’ म्हणाले नाहीत. ‘वाढ’ नाही. पंखा स्वतः उठून लावला. माझे तीन शब्दही गेले, भोंगा. दुसऱ्या दिवशी तेच. निळं पेन घड्याळाशेजारी, आणि आम्ही दोघं त्या पेनासारखे, आडवे, गप्प. वाटलं, आता जन्मभर असंच. केलं तसं भरलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दिव्याची वात पुढे सरकवत होते, तर मागे कोणीतरी उभं राहिलं. हे देवापुढे येत नाहीत. ‘तू आहेस ना दोघांच्या वतीने’ म्हणतात. आले, हात धुऊन, बाह्या खाली करून. माझ्याकडे पाहिलं नाही. देवाकडे पाहून म्हणाले:

“देवा, तिला सांग, जागा गेली त्याचं मला वाईट वाटलं. संध्याकाळ मलाही हवी होती, तिला एकटीला नव्हे. तिला सांग, राग आहे. जाईल, पण आज नाही.”

मी मान खाली घालून बसले. वाटलं, संपलं. तर म्हणाले:

“आणि तिला हेही सांग की गंमत काय होती. त्या बाईंनी मला विचारलं, तुम्ही माणसांवर ओरडत नाही, मग चूक दाखवता कशी? मी म्हटलं, ही आमच्या घरची पद्धत आहे. आमच्याकडे मला कोणी रागावत नाही. देवाला सांगतात, ‘ओला टॉवेल गादीवर कोण टाकतं रे?’ मी चहा पीत ऐकतो आणि गुपचूप टॉवेल उचलतो. अपमान नाही, वाद नाही, काम होतं. मग मीही कारखान्यात पंपालाच सांगायला लागलो. माणसाकडे बघायचं नाही, पंपावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, ‘काय रे बाबा, तुझा नट ढिला ठेवून कोण घरी गेलं?’ ज्याचा असेल तो कान पाडून येतो आणि आवळतो. बाई यावर हसल्या, मी हसलो. मग त्या विचारत गेल्या, आणखी काय म्हणतात देवाला? मी सांगत गेलो. मिठाचं सांगितलं, छत्रीचं सांगितलं, मी घोरतो त्याचंही सांगितलं. सगळ्या टेपा त्यातच संपल्या.”

भोंगा, मी कापल्या त्या सगळ्या जागी मीच होते ग.

मी पदर तोंडाशी नेला. हसू आलं होतं की रडू, मला सांगता येत नाही, तुझ्या यादीत त्याला खूण नाही. मग धीर करून मीही देवालाच म्हटलं, “देवा, त्यांना विचार, हे सगळं परक्या बाईला सांगता येतं, घरी का नाही?”

यांनी बाह्यांची बटणं लावली. मग म्हणाले, “देवा, तूच सांग तिला. रोज सकाळी उठून ती जे काय बोलायचं ते तुझ्याशी बोलते. रुसवा तुझ्याशी, गाऱ्हाणं तुझ्याशी, आनंद झाला तरी आधी तुला. मी भिंतीपलीकडे कप धरून बसलेला. मध्ये कुठे तोंड घालू? वीस वर्षं तुला ऐकायला मिळतंय, आणि मला उरलंसुरलं. मला काही वाटत नसेल, असं तुम्हा दोघांना वाटलं का?”

देवाचा हेवा करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला, तोही माझ्याच घरात.

जागा लेथवाल्याकडेच राहिली. त्याने पेढे द्यायच्या ऐवजी यांच्याकडे सल्ले मागितले म्हणे, तेव्हा यांनी त्याला पंपाशी बोलायला शिकवलं. मला ते आवडलं नाही. आमच्या घरची पद्धत ती. पण यांचा स्वभाव. तुझ्या प्रबंधात ती छापायचा होकार यांनी दिलाय, माझाही आहे, फक्त तिथे व्यक्ती ‘क’ची बायको असं न लिहिता दुसरं काहीतरी बरं लिही. व्यक्ती ‘ख’ चालेल. मी कोणाची तरी असले तरी माझं अक्षर वेगळं असू दे.

हे अजून दुसऱ्या पाळीलाच जातात. राग गेला की नाही, विचारलेलं नाही. पण निघताना बूट आता देवाच्या खोलीच्या दारात बसून घालतात, आणि नाडी बांधता बांधता देवाला काहीबाही सांगतात. काल म्हणाले, “देवा, तिला सांग, तो रुमाल दे आज.” दिला.

टेपांच्या नकला मिळाल्या. पाकिटावर यांचं नाव होतं, यांनी फोडलं आणि ते यंत्राशेजारी माझ्यासाठी ठेवलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी दिवा लावते, हात जोडते आणि मग यंत्राची कळ दाबते, या वेळी बरोबर बाजूची. खोलीत यांचा आवाज येतो. “आता ऐका बाई, एक गंमत सांगतो.” म्हणजे दिव्यापाशी मागे कोणीतरी उभं आहे, असं धरून चालायचं. काटकसरीत एवढं पुष्कळ झालं.

नाताळाच्या सुट्टीत ये. दूध जास्त लागलं तर लागू दे, आणि तिसरं ताट काढून ठेवलंय, ते पाहुण्यांचं नाही.

एक मात्र सांगून ठेवते, कारण तुझ्यापासून आता लपवायचं नाही. टेपेवर तुझं हसणं येतं तिथे मी अजूनही आवाज थोडा बारीक करते.

पुढे ढकलत नाही.

तुझी
आजीबाई